गॅस्केट कशाचं टाकू?

सिलिंडर आणि त्याचं हेड, म्हणजे वरचं झाकण, यांच्यामध्ये एक चपटी, भोकाभोकांची चकती असते आणि तिला गॅस्केट म्हणतात, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणून माझं काही अडलंही नव्हतं. नदीकाठच्या आमच्या मोम्पोस गावी नोटरी कचेरीत दुय्यम कारकून म्हणून मी एकोणतीस वर्षं काढली, दोन मुलींची लग्नं लावली, आणि माझी शंभर सीसीची लाल मोटरसायकल या चकतीचा विषयही न काढता मला रोज कचेरीच्या दारात सोडत आली. मग जानेवारीतल्या एका सकाळी सपाट रस्त्यावर ती फुसफुसली, खोकली आणि बसलीच. आमच्या गावात सगळेच रस्ते सपाट आहेत, त्यामुळे चढावर दम लागला असंही म्हणता येईना.

एरवी मी म्हटलं असतं, राहू दे, चालत जाऊ. कचेरी सात मिनिटांवर आहे आणि तिथे लवकर पोचून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. पण आदल्याच दिवशी मासेवाल्याबरोबर लास गार्सासहून निरोप आला होता. निरोप माझ्या सासूबाईंसाठी, सेनोबियाबाईंसाठी होता, आणि तो पाठवला होता त्यांच्या थोरल्या बहिणीनं, उबाल्दिनानं. या दोन बहिणी एकोणीस वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडण कशावरून झालं ते दोघींपैकी कुणीही सांगत नाही, त्यामुळे ते फार मोठं असणार किंवा फारच लहान. निरोप असा होता: कांदेलारिया देवीच्या सणाला, दोन फेब्रुवारीला ये, पुढच्या वर्षी दार उघडायला मी असेनच असं नाही.

सासूबाईंनी निरोप ऐकला, हातातला मासा पूर्ण साफ केला, हात धुतले आणि मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि मला कधी काही मागत नाहीत, सांगतात. त्या दिवशी पहिल्यांदा मागितलं.

"एव्हेराल्दो, मला लास गार्सासला नेशील का?"

मी नेतो म्हटलं. नुसतं म्हटलं असतं तर ठीक होतं, पण संध्याकाळी सगळी गल्ली डुलत्या खुर्च्या फुटपाथवर काढून बसली तेव्हा मी ते खड्या आवाजात जाहीर केलं. आमच्याकडे संध्याकाळी डुलत्या खुर्चीतून बोललेला शब्द म्हणजे नोंदणी झालेला दस्तच, त्यात मी नोटरीचा माणूस.

लास गार्सास, म्हणजे बगळ्यांचं गाव, तळ्याच्या पलीकडे आहे. पावसात होडी जाते. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी इतकं हटतं की होडी गाळात रुतते, आणि उघड्या पडलेल्या गाळावरून जी वाट होते ती फळीएवढी रुंद. तिच्यावरून जीप जात नाही, मोटरसायकल तेवढी जाते. भाड्याच्या मोटरसायकली गावात ढिगानं आहेत, पण परक्या पुरुषाच्या कमरेला धरून आपल्या माहेरात शिरणार नाही, असं सासूबाईंनी सांगून टाकलं. मग शेजाऱ्याची गाडी? उसन्या गाडीवरून उबाल्दिनाच्या दारात उतरायचं? त्यापेक्षा मी मेलेली बरी, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे माझी लाल गाडी, माझी कंबर आणि दोन फेब्रुवारी. हातात तीन आठवडे होते.

एबेर्तो हा आमच्या भागातला मोटरसायकलचा मेकॅनिक. त्यानं इंजिन उघडलं, दोन बोटांत एक काळी, कडेला जळून गेलेली चकती धरली आणि मला दाखवली. सिलिंडरात स्फोट होतो, तो बाहेर पडू नये म्हणून ही असते, ही जळली की सगळा जोर बाजूनं निसटतो, एवढं त्यानं समजावलं. आणि मग त्यानं तो प्रश्न विचारला.

"नवीन कशाचं टाकू, साहेब?"

इथे वाचकांनी माझी बाजू समजून घ्यावी. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी माझं मत विचारलेलं नाही. घरात पडद्याचा रंगसुद्धा एदिल्सा, म्हणजे माझी बायको, तिच्या आईला विचारते. आणि इथे एक कसबी माणूस हात पुसत माझ्या निर्णयाची वाट पाहत उभा होता. शहाण्या माणसानं म्हटलं असतं, तुला योग्य वाटेल ते टाक. मी हनुवटीवर हात ठेवला आणि म्हणालो, विचार करून सांगतो. पुढचं सगळं रामायण त्या तीन शब्दांनी झालं.

त्या संध्याकाळी गल्लीत दुसरा विषय निघाला नाही. माझ्या थोरलीचा धर्मपिता गुमेर्सिंदो तीस वर्षं नदीवरच्या ओढबोटीत इंजिन सांभाळून निवृत्त झालाय. त्या नात्यानं तो मला कंपाद्रे म्हणतो. तो म्हणाला, कंपाद्रे, तांबं. तांब्याशिवाय काही नाही. तापवून लाल करायचं, पाण्यात टाकायचं, की लोण्यासारखं मऊ पडतं, आणि मग दोन लोखंडांच्या मध्ये असं बसतं की बस्स. समोरच्या फॅनीबाई थरांचं चीज बनवून विकतात, साऱ्या आयुष्यात त्यांनी दुसरं काही केलेलं नाही. जे टिकायचं ते थराथरांचंच असतं असं त्यांचं ठाम मत. बारांकियाला त्यांच्या भाच्याचं सुट्या भागांचं दुकान आहे आणि तिथे पोलादाच्या तीन पातळ थरांचं गॅस्केट मिळतं, हे त्यांनी चीज कापता कापता सांगितलं. औषधाच्या दुकानदारानं तेलात भिजवलेला पुठ्ठा सुचवला. कुणी म्हणालं चामडं. कुणी म्हणालं जुनं ते अ‍ॅस्बेस्टॉसचंच खरं, पण त्याला आता बंदी आहे, त्यानं माणसाच्या फुप्फुसाचं वाटोळं होतं. एक जण ग्राफाइट म्हणाला, पण तो पलीकडच्या गल्लीतला असल्यामुळे त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

सासूबाई या चर्चेत कधी पडल्या नाहीत. आपल्या खुर्चीत डुलत, हातपंखा हलवत त्या नुसत्या ऐकत असायच्या.

आणि खरं सांगायचं तर मला त्या संध्याकाळी सुखाच्या वाटू लागल्या होत्या. नदीनं मुख्य प्रवाह दुसरीकडे वळवून आमच्या गावाला कधीच सोडलंय, तेव्हापासून गाव अर्धवट झोपेत असल्यासारखं आहे. उरलेलं पाणी संथ वाहतं, खुर्च्या संथ डुलतात, आणि त्या तालात तांबं, पोलाद, पुठ्ठा असे शब्द एकामागून एक तरंगत यायचे. दुपारच्या झोपेत मला चकत्या दिसायच्या. नदीच्या पाण्यावर त्या हळूहळू वाहत चाललेल्या, प्रत्येकीच्या भोकातून थोडं थोडं आभाळ दिसतंय. मी काठावर उभा राहून त्यातली एक निवडतोय आणि घाई कशाचीच नाही. जाग आली की उशी घामानं भिजलेली असायची आणि सणाचा एक दिवस कमी झालेला असायचा.

मी पोलादाच्या बाजूनं कौल दिला. फॅनीबाईंनी भाच्याला फोन केला, पार्सल निघालं आणि आमच्या गावच्या वाहतूक कचेरीत येऊन अडकलं. भाचा दुकानात बापाच्या वेळेपासूनची छापील पावती वापरतो आणि तिच्यावर "गॅस्केट, अ‍ॅस्बेस्टॉस" असं छापलेलंच आहे. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, बंदी असलेला माल सोडता येत नाही. मी म्हणालो, हे पोलाद आहे, उघडून बघा. त्या म्हणाल्या, सोडल्याशिवाय उघडता येत नाही. मग सोडा. उघडल्याशिवाय कशाचं आहे ते कसं कळणार? आम्ही दोघंही फार सभ्यपणे बोलत होतो. शेवटी त्यांनी तोडगा काढला: मालात अ‍ॅस्बेस्टॉस नाही असं प्रतिज्ञापत्र आणायचं, नोटरीच्या शिक्क्यासह.

मी हसलो. नोटरीचा शिक्का माझ्या टेबलापासून चार पावलांवर असतो आणि त्याच्या शाईचा डबा मीच भरतो. पण आमच्या नोटरीसाहेबांनी कागद वाचून माझ्याकडे दुःखानं पाहिलं. आपल्याच कारकुनाच्या सहीवर आपणच शिक्का मारणं बरं दिसणार नाही, तुम्ही मागांगेच्या नोटरीकडे जा, असं ते म्हणाले. मागांगेला जायचं तर जीप, पूल, रांग मिळून अख्खा दिवस जातो आणि त्यासाठी रजा लागते. रजेचा अर्ज केला तर साहेब म्हणाले, फेब्रुवारी संपेपर्यंत एकच दिवस मिळेल, मागांगेला घालवता की दोन फेब्रुवारीला, तुम्ही ठरवा. पार्सल अजूनही त्या कपाटात आहे. खिडकीतल्या बाई मला रस्त्यात भेटल्या की ते सुखरूप असल्याचं सांगतात.

मधल्या काळात एबेर्तोनं बियरच्या डब्याचं अ‍ॅल्युमिनियम कापून बसवून पाहिलं. ते फार पातळ झालं. त्यामुळे दाब वाढला आणि गाडीच्या अंगात भलतंच तरुणपण आलं. मी किक मारली तर तिनं उलटी मारली. नडगी फणसासारखी सुजली. लंगडत का होईना मी बाजारापर्यंत गेलो, तिथे डबा वितळला आणि गाडी भर मासळीबाजारात ढेकर देऊन थांबली. त्यावर औषधवाल्याच्या पुठ्ठ्याची पाळी आली. पुठ्ठा जाड होता, म्हणून दाब उतरला, आणि गाडी इतकी नरमली की गल्लीतून जाताना फॅनीबाई माझ्याशेजारून चालत चीज हवंय का विचारत होत्या आणि दमल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत पुठ्ठ्याचा कोळसा झाला.

एबेर्तोनं मग सिलिंडरच्या हेडवर पट्टी ठेवली आणि ते वाकडं झालंय असं निदान केलं. सपाट काचेवर पॉलिशपेपर चिकटवायचा आणि त्यावर हेड घासायचं, म्हणजे ते सरळ होतं. घरात सपाट काच एकच होती, जेवणाच्या टेबलावरची. तिच्याखाली मुलींचे पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या विधीचे फोटो आहेत. एदिल्सा चर्चला गेली होती. मी नुसतं घासून बघतो म्हणून बसलो आणि त्या गोल गोल घासण्यात मला अशी तंद्री लागली की प्रार्थना संपून ती परत आली, दारात उभी राहिली, हे मला कळलंच नाही. हेड आरशासारखं झालं होतं. पेपर केव्हाच फाटला होता, काचेवर ताटाएवढं करडं वर्तुळ उमटलं होतं आणि त्यातून थोरली धुक्यात उभी असल्यासारखी दिसत होती. एदिल्सा त्यावर काय म्हणाली ते मी लिहीत नाही. तेव्हापासून आमच्याकडे पाहुण्यांना जेवायला बसवताना ती सांगते की हे माझ्या नवऱ्याचं संशोधन आहे.

सणाला सहा दिवस उरले तेव्हा गुमेर्सिंदो पलंगाखालून तांब्याचा पत्रा घेऊन आला. ओढबोट भंगारात गेली तेव्हा त्यानं तो आठवण म्हणून ठेवला होता. आता प्रश्न तो बिनचूक कापणार कोण. मोम्पोसमध्ये हा प्रश्न बाहेरच्या माणसालाच पडेल. आमच्याकडे दर तिसऱ्या घरात सोनार आहे आणि चांदीच्या केसाएवढ्या तारेतून फूल विणणारे ते हात आहेत. मी प्लासिदो मास्तरांकडे गेलो. त्यांनी जळकी चकती भिंगाखाली धरली, वजन पाहिलं आणि काम घेतलं. अट एकच, घाई करायची नाही.

मी रोज कचेरी सुटल्यावर जायचो. मास्तर तांबं ज्योतीत धरायचे, ते लाल व्हायचं, पाण्यात पडून सुस्कारा टाकायचं. मी दारात बसून राहायचो. तिकडे घरी सासूबाईंनी पांढरा पोशाख इस्त्री करून खुर्चीवर टाकून ठेवला होता. त्या गाडीबद्दल काही विचारायच्या नाहीत, हेच मला जड जात होतं. एक तारखेला दुपारी मास्तरांनी मखमलीचं अस्तर लावलेली डबी माझ्या हातात दिली. कानातल्यांची डबी होती ती.

आत गॅस्केट होतं. भोकं बिनचूक होती, कडा रेशमासारख्या. आणि मधल्या सगळ्या मोकळ्या जागेत वेल कोरला होता. पानं, कळ्या, तणावे, आणि एका बोल्टच्या भोकाशेजारी एका पायावर उभा असलेला बगळा.

"लास गार्सासला चाललाय ना, म्हणून बगळा," मास्तर म्हणाले. "आणि मोकळी जागा मला बघवत नाही हो."

एबेर्तोनं डबी उघडली आणि डोक्यावरची टोपी काढली.

"साहेब, हे इंजिनात घालायचं की बाईंच्या गळ्यात?"

मग त्यानं समजावलं की वेलाची प्रत्येक रेघ सिलिंडरच्या भोकापासून निघून बाहेरच्या कडेला पोचतेय, म्हणजे स्फोटाच्या हवेला बाहेर पडायला मास्तरांनी नक्षीदार वाटा करून दिल्यात. घासून काढू का, असं त्यानं विचारलं. पण त्याचा हात कानस घ्यायला पुढे होईना, आणि खरं म्हणजे माझाही त्याला हो म्हणायला जीव होईना. शिवाय दिवस संपला होता. आम्ही ते तसंच बसवलं.

दोन तारखेला सकाळी सासूबाई पांढऱ्या पोशाखात, हॅट घालून, मांडीवर फॅनीबाईंच्या चीजची पिशवी घेऊन माझ्यामागे एका बाजूला पाय सोडून बसल्या. सगळी गल्ली निरोप द्यायला बाहेर आली होती. गाडी पहिल्या किकला सुरू झाली आणि मला इतका आनंद झाला की मी गुमेर्सिंदोला हॅट काढून सलाम केला. गाव संपेपर्यंत ती गुणी मुलीसारखी चालली. मग वाट गाळावर उतरली आणि इंजिनातून चिवचिवाट सुरू झाला.

बगळ्याच्या बाजूनं हवा निसटत होती. जोर जितका जास्त द्यावा तितकी चिवचिव बारीक आणि गोड. तळं मैलोन् मैल आटलेलं, कोरड्या गाळावर उन्हाची वाफ थरथरतेय, क्षितिजाजवळ पाणी आहे की नुसता भास ते कळत नाही, आणि त्यातून आमची लाल गाडी गात चाललेली. थोड्या वेळानं डबक्यांतले पक्षी उत्तर द्यायला लागले. खरे बगळे माना वर करून बघत होते. वेग इतका कमी झाला होता की वाट आमच्याखालून हळूहळू सरकतेय आणि आम्ही जागच्या जागी तरंगतोय असं वाटत होतं. मला वाटलं, असंच चालत राहावं, पोचूच नये. मग सासूबाईंची माझ्या कमरेवरची पकड घट्ट झाली.

"एव्हेराल्दो," त्या माझ्या पाठीशी बोलल्या, "ती मला ओळखेल ना?"

मी ओळखेल म्हटलं. एकोणीस वर्षांत मी फार म्हातारी झालेय, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, त्याही झाल्या असतील. यावर त्यांनी मोकळ्या हातानं हॅट सरळ केली आणि पोशाखावरची धूळ झटकली. एवढी करारी बाई, आणि बहिणीच्या दाराला घाबरत होती.

पहिली घरं दिसली तिथे गाडीनं शेवटची चिवचिव केली आणि प्राण सोडला. उरलेला रस्ता मी गाडी ढकलत आणि सासूबाई माझ्या बाजूनं चालत, असे आम्ही लास गार्सासमध्ये शिरलो. उबाल्दिनाबाई दारातच डुलत्या खुर्चीत बसल्या होत्या. शेजारी दुसरी खुर्ची रिकामी होती. दोघी एकमेकींकडे किती वेळ बघत राहिल्या मी सांगू शकत नाही, मी चाकाच्या तारा मोजत होतो.

"उशीर केलास," उबाल्दिनाबाई म्हणाल्या.

"गॅस्केट गेलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे काय गं?"

सासूबाई रिकाम्या खुर्चीत बसल्या आणि सांगायला लागल्या. तांबं, पोलाद, पुठ्ठा, बियरचा डबा, कुठलं का टिकत नाही, कुठलं आधी तापवावं लागतं. तीन आठवडे त्यांनी गल्लीतल्या चर्चेतला एक शब्द कानाआड होऊ दिला नव्हता. उबाल्दिनाबाई मान डोलावत, मधे मधे प्रश्न विचारत ऐकत होत्या, आणि सांगता सांगता कुठल्याशा भोकाच्या मापावर दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही, बोलणंही थांबवलं नाही.

देवीची मिरवणूक येऊन गेली, जेवणं झाली, भात आणि बोकाचिको मासा. मग समोरचा दुकानदार एर्मिदेस आला. भला माणूस. कुणी न सांगता त्यानं माझी गाडी सावलीत नेऊन हेड उघडलं होतं, आणि आता त्याच्या हातात एक नवं कोरं गॅस्केट होतं, ग्राफाइटचं, मधे पोलादी कडं असलेलं. माझ्या दुकानात अशी डझनभर टांगलीत, तो म्हणाला. अर्ध्या तासात बसवतो, उजेड आहे तोवर मोम्पोसला पोचाल.

दोन्ही खुर्च्या थांबल्या.

"ते या गाडीला बसत नाही," सासूबाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

एर्मिदेसनं माझ्याकडे पाहिलं. मी गॅस्केट हातात घेतलं, उजेडात धरलं, सिलिंडरवर ठेवून पाहिलं. प्रत्येक भोक भोकावर आलं. ज्याच्यासाठी मी नडगी फोडून घेतली, जेवणाचं टेबल गमावलं आणि गल्लीभर हसं करून घेतलं, ते हेच होतं. आणि माझ्याकडे रजा एकाच दिवसाची होती.

"नाही बसणार," मी म्हणालो. "पाव मिलिमीटरचा फरक आहे."

एर्मिदेसनं आ वासला. त्यानं शेजारच्या दोघांना बोलावलं, त्यांनी आणखी तिघांना. सगळ्यांनी वाकून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं, आणि मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. मोम्पोसच्या शिकलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही, असं एकानं माझ्यासमोरच सांगितलं. मी मान ताठ ठेवून पाव मिलिमीटरवर अडून बसलो. शेवटी एर्मिदेसनं गॅस्केट खिशात घातलं आणि दुसरं कुठून मिळतंय का बघतो म्हणाला, आठ-दहा दिवस तरी लागतील. मी म्हटलं, लागू देत.

उबाल्दिनाबाईंनी आत हाक मारून रात्रीच्या भातात दोन माणसांचे तांदूळ जास्त टाकायला सांगितले.

"माझ्या जावयाला गॅस्केटमधलं फार कळतं," सासूबाई बहिणीला म्हणाल्या, आणि दोन्ही खुर्च्या पुन्हा डुलू लागल्या.